अनोळखी हातांचे ऋण



पोलंडची राजधानी वॉर्सा. या शहराच्या ओखोटा विभागात एक लहानसा चौक आहे. त्याला २०१२ मध्ये जे नाव देण्यात आले, त्याचा मराठीत अर्थ होतो, 'भल्या महाराजांचा चौक'. हे महाराज पोलंडचे नव्हेत, युरोपातीलही नव्हेत. ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील नवानगर संस्थानाचे अधिपती, जामसाहेब दिग्विजयसिंहजी. याच वॉर्सा शहरात आणखी एक स्मारक आहे आणि त्यावर आपल्या कोल्हापूरचे व वळिवड्याचे नाव कोरलेले आहे. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी पोलंडच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा या दोन्ही ठिकाणी त्यांनी पुष्पांजली वाहिली आणि अनेक मराठी घरांत प्रथमच प्रश्न विचारला गेला की, वॉर्साचा आणि कोल्हापूरचा संबंध काय?

तो संबंध व्यापाराचा नाही, राज्यविस्ताराचा नाही, धर्माचाही नाही. सारे काही हरवून बसलेल्या माणसांना, ज्यांच्याशी त्यांचे काडीचेही नाते नव्हते अशा माणसांनी दिलेल्या आधाराचा तो संबंध आहे. संकटात आप्तांनी धावून यावे ही अपेक्षा असते. ते आले तर मन निश्चिंत होते, न आले तर दुखावते. परंतु ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती असा अनोळखी माणूस जेव्हा हात पुढे करतो, तेव्हा केवळ पोट भरत नाही. या जगात माणुसकी शिल्लक आहे, हा बुडालेला विश्वास पुन्हा तरंगू लागतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

मध्यरात्री वाजलेले दार

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले. १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाच्या फौजा पूर्वेकडून घुसल्या. दोन जात्यांमध्ये धान्य भरडावे तसा तो देश भरडला गेला. पूर्व पोलंड सोव्हिएत सत्तेच्या ताब्यात गेल्यानंतर, फेब्रुवारी १९४० पासून तेथील कुटुंबांच्या सामूहिक हद्दपारीला प्रारंभ झाला. ऐन हिवाळ्यात, मध्यरात्रीच्या सुमारास दार वाजे. हाती लागेल ते गाठोड्यात बांधण्यापुरता वेळ मिळे. मग गुरे वाहून नेण्याच्या रेल्वे डब्यांत माणसे कोंबली जात आणि आठवडेच्या आठवडे प्रवास करून सैबेरियाच्या अरण्यांत किंवा कझाकस्तानच्या माळांवर उतरविली जात. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, सैनिक यांची ती कुटुंबे होती. याच १९४० च्या वसंतात कातिन आणि अन्य ठिकाणी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी व सुशिक्षितांना ठार मारण्यात आले. त्यांच्या बायकामुलांच्या नशिबी ही हद्दपारी आली. आपला कर्ता पुरुष जिवंत आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

२२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि राजकारणाचा पट फिरला. ३० जुलैला लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. हद्दपार पोलिश नागरिकांना 'माफी' देण्यात आली. अपराध कोणता, हे मात्र कोणी सांगितले नाही! सुटलेली माणसे दक्षिणेकडे, उबदार प्रदेशाकडे निघाली. उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तानपर्यंत पोहोचेतो भूक आणि प्रलापक ज्वराने सहस्रावधी माणसे वाटेतच संपली. कित्येक मातांनी, निदान लेकराच्या मुखात घास पडेल म्हणून, स्वतःच्या हाताने आपली मुले पोलिश अनाथालयांच्या स्वाधीन केली. त्या मातांपैकी अनेकींची आणि मुलांची पुन्हा भेट झाली नाही.

१९४२ मध्ये जनरल अंदेर्स यांच्या सैन्याबरोबर एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक इराणमध्ये येऊ शकले. त्यांच्यात हजारो मुले होती. युद्धाच्या वणव्यात होरपळणाऱ्या त्या जगात या मुलांना कोण आणि कोठे ठेवून घेणार, हा प्रश्न होता.

बालाचडीचे बापू

हिंदुस्थान त्या वेळी स्वतंत्र नव्हता. १९४२ हे वर्ष 'चले जाव'चे. कारागृहे भरली होती. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला होता आणि तेथून पायी आलेले आपलेच लक्षावधी निर्वासित ईशान्येच्या वाटांवर तडफडत होते. सरकारी कचेरीत असा विषय आला की जे प्रश्न विचारले जातात, ते येथेही विचारले गेले : राहणार कोठे, खर्च कोणाचा, परत जाणार केव्हा? हे प्रश्न अयोग्य होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु सर्व प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत थांबायचे ठरविले असते, तर ती मुले उत्तरांची वाट पाहण्यासाठी जिवंत राहिली नसती.

जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजींचे पुतणे आणि वारस. नरेंद्र मंडळाचे प्रमुख या नात्याने त्यांचे लंडनला जाणे-येणे असे आणि निर्वासित पोलिश सरकारच्या धुरीणांशी त्यांचा परिचय झाला होता. त्यांनी हिशोबाचे कागद पुढे सरकविण्याऐवजी जागा पुढे केली. जामनगरजवळ बालाचडी येथे, समुद्रकिनारी, त्यांचे उन्हाळी निवासस्थान होते. त्याच्या परिसरात मुलांसाठी वसाहत उभारण्यात आली. मुंबईतील पोलिश वकिलात व पोलिश रेडक्रॉस यांच्या प्रयत्नांतून मालमोटारींचा ताफा अश्काबादपर्यंत गेला आणि मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशी खडतर वाट तुडवीत पहिली मुले हिंदुस्थानात आली. वसाहत तयार होईपर्यंत काही काळ ती मुंबईत वांद्रे येथे राहिली आणि १९४२ च्या उन्हाळ्याअखेर बालाचडीला पोहोचली.

जामसाहेबांनी त्यांचे स्वागत करताना सांगितले की, यापुढे तुम्ही अनाथ नाही, मला तुमचा बाप समजा. मुले त्यांना 'बापू' म्हणू लागली. भाषणात असे बोलणारे पुष्कळ असतात. बोललेले रोजच्या व्यवहारात उतरविणारे थोडे. बालाचडीत वाढलेल्या मुलांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींत एक मजेशीर प्रसंग येतो. जेवणात वारंवार येणाऱ्या पालकाच्या भाजीला मुले कंटाळली आणि त्यांनी चक्क संप पुकारला. ही वार्ता बापूंच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी पालक बंद करण्याचा हुकूम दिला! प्रसंग क्षुल्लक वाटेल. पण विचार करावा. ज्या मुलांनी दोन वर्षे भाकरीच्या कोरड्या तुकड्यासाठी हात पसरले होते, ती मुले आता 'ही भाजी आवडत नाही' असे म्हणू शकत होती. हट्ट करणे हा बालपणाचा अधिकार आहे आणि तो अधिकार त्यांना परत मिळाला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही मुले कॅथलिक पंथाची होती. बालाचडीत त्यांचे धर्मगुरू होते, त्यांची प्रार्थना होती, त्यांची भाषा, त्यांचे सण, त्यांचा राष्ट्रध्वज होता. वसाहतीचे प्रमुख फादर प्लुता हे पोलिशच होते. आश्रय दिला म्हणून आश्रिताने आपले नाव, आपली उपासना, आपली ओळख बदलावी, अशी अट कोणी घातली नाही. उलट, ही मुले एक दिवस आपल्या देशी परततील तेव्हा ती अस्सल पोलिश म्हणूनच परतावीत, अशी व्यवस्था ठेवली गेली. दान देताना घेणाऱ्याची मान ताठ राहू द्यावी, हा आपल्या घराघरांतला संस्कार आहे. दाराशी आलेल्याला आधी पाट, मग पाणी आणि त्यानंतर चौकशी, असा क्रम आपल्या आज्या पाळीत असत. बालाचडीत वेगळे काय घडले?

वळिवड्याची पाच वर्षे

बालाचडी हे मुलांचे घर होते. मोठ्या संख्येने आलेल्या स्त्रिया, वृद्ध आणि कुटुंबे यांच्यासाठी १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे छावणी उभी राहिली. इराणमधून जहाजाने कराची आणि तेथून रेल्वेने कोल्हापूर असा त्यांचा प्रवास झाला. सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित येथे राहिले. कोल्हापूरची हवा समशीतोष्ण, पाण्याची मुबलकता आणि रेल्वेची सोय. बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि पाहता पाहता पंचगंगेच्या खोऱ्यात एक छोटे पोलंड वसले. तेथे प्राथमिक व माध्यमिक शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, रुग्णालय होते, बालवीर पथके होती, नाटके होत होती. १९४६ मध्ये बालाचडीची वसाहत बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्याला आली.

या छावणीत वाढलेल्यांच्या आठवणी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या, वृत्तपत्रांतून, मुलाखतींतून समोर आल्या. त्यांत पंचगंगेतील पोहणे आहे, आंब्याची चव आहे, बराकींवरून उड्या मारणारी माकडे आहेत, पहिल्या पावसाचे नवल आहे. सैबेरियातील बर्फातून आलेल्या मुलांच्या स्मृतीत कोल्हापूर हे उन्हाचे, फळांचे आणि निर्भय झोपेचे गाव म्हणून राहिले. 'निर्भय झोप' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मध्यरात्री दार वाजण्याची ज्यांनी धास्ती घेतली होती, उद्या मिळेल न मिळेल म्हणून ज्या मुलांनी उशाखाली पावाचे तुकडे दडविले होते, त्यांना उद्याचा भरवसा वाटू लागणे, ही साधी गोष्ट नव्हे. शरीराला अन्न मिळाले की ते काही आठवड्यांत भरते. विश्वास भरायला वर्षे लागतात. वळिवड्याने त्यांना ती वर्षे दिली.

हिशोबाच्या बाहेरचे

येथे एक चिकित्सक श्रोता उठून विचारील आणि त्याने विचारलेच पाहिजे : वळिवड्याच्या खर्चाचा मोठा भार लंडनमधील पोलिश सरकारने उचलला होता, बालाचडीसाठीही संस्थानिकांच्या आणि इतर देणगीदारांच्या निधीतून साहाय्य आले होते, मग यात दया ती कोणती? आणि दुसरा प्रश्न त्याहून बोचरा. १९४३ मध्ये बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नान्न करून मरत असताना, परक्यांची सोय पाहणे कितपत योग्य?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, खर्चाची तरतूद कागदावर होते. आपुलकीची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. भाडे भरणारा भाडेकरू आणि घरचा पाहुणा यांच्यातला भेद पैशाने पडत नाही, वागणुकीने पडतो. छावणीच्या बाजारात भाजी, दूध, फळे घेऊन येणाऱ्या आसपासच्या खेडुतांना पोलिश येत नव्हते आणि या स्त्रियांना मराठी येत नव्हती. तरीही पाच वर्षे त्यांचा शेजार सुखाने नांदला. काही पोलिश तरुणींनी तर येथेच संसार थाटले, मराठी शिकल्या आणि कोल्हापूरच्याच झाल्या. हे कोणत्या सरकारी आदेशाने घडते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक गांभीर्याने द्यावे लागेल. बंगालचा दुष्काळ हा परकीय राजवटीच्या युद्धनीतीचा, कोसळलेल्या वितरणाचा आणि निष्ठुर दिरंगाईचा परिणाम होता. काही हजार अनाथांच्या ताटातील घासामुळे तो पडला नव्हता. आपल्यांची कणव आणि परक्यांची कणव या एकमेकींच्या सवती नाहीत. उलट, ज्याचे मन दूरच्या दुःखाने हलत नाही, त्याचे मन जवळच्या दुःखानेही बहुधा हलत नाही. तो केवळ निमित्त शोधत असतो. स्वतः गुलामीत, टंचाईत असलेल्या देशाने हे आतिथ्य केले. भरलेल्या कोठारातून मूठभर देणे सोपे असते. येथे देणारा देशही भाग्याने फाटलेलाच होता.

'जामसाहेब राजे होते, त्यांना परवडले', असेही म्हटले जाईल. जगात राजे पुष्कळ होते. बोटीच्या बोटी निर्वासितांना बंदरातून परत पाठविणारी, संपन्न आणि बलाढ्य राष्ट्रेही त्या काळात होती. परवडणे आणि करणे यांच्यात एक दरी असते. ती ओलांडायला ऐश्वर्य लागत नाही, अंतःकरण लागते.

एका बराकीत दोन फाळण्या

युद्ध संपले, पण या माणसांची घरवापसी झाली नाही. १९४५ मध्ये पूर्व पोलंडचा प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला. ज्या गावांतून त्यांना उचलून नेले होते, ती गावे आता त्यांच्या देशात उरली नव्हती. म्हणून १९४७-४८ मध्ये वळिवडे सोडताना बहुतेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा नव्या देशांकडे निघाले. निरोपाच्या वेळी त्यांनी जे सोडले ते परके गाव नव्हते. हातातून घर निसटल्याचा अनुभव त्यांना दुसऱ्यांदा आला.

आणि त्या रिकाम्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. देशाची फाळणी झाली होती. सिंधमधून सर्वस्व गमावून आलेले आपले सिंधी बांधव त्याच बराकींत येऊन राहिले. आज ज्या गांधीनगरच्या कापडपेठेत दूरदूरचे व्यापारी खरेदीला येतात, ते गांधीनगर याच छावणीच्या जागेवर उभे आहे. ज्या छपराखाली पोलंडच्या विधवांनी अश्रू ढाळले, त्याच छपराखाली सिंधच्या मातांनी चूल पेटविली. त्या वास्तूने दोन देशांचे दुःख पाहिले आणि दोन्ही वेळा तिने माणसांना पुन्हा पायावर उभे राहिलेले पाहिले. आलेल्याला सामावून घेण्याचा या मातीचा सराव केवढा जुना आहे, याची साक्ष म्हणून गांधीनगरच्या बाजारात एकदा उभे राहावे.

ऋण फिरून येते

असे सांगतात की, पोलंड या उपकारांची फेड कशी करील, असे विचारले गेले तेव्हा जामसाहेबांनी एवढेच सुचविले की, स्वतंत्र पोलंडमधील एखाद्या रस्त्याला माझे नाव द्या. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत पोलंड साम्यवादी पोलादी पडद्याआड होता. सोव्हिएत हद्दपारीचा उच्चार करणेही तेथे धोक्याचे होते. मग आश्रय देणाऱ्याचे स्मरण तरी उघडपणे कसे होणार? १९८९ मध्ये ती राजवट कोसळली आणि मुक्या ओठांना वाचा फुटली. वॉर्सातील एका शाळेने जामसाहेबांचे नाव अभिमानाने धारण केले. चौकाला नाव मिळाले. पोलिश राष्ट्राने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. इकडे कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ मध्ये कृतज्ञतेचा स्तंभ उभा राहिला. २०१९ च्या सप्टेंबरात वळिवड्याला स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा ऐंशी-नव्वदीकडे झुकलेले ते 'मुलगे' आणि त्या 'मुली' काठी टेकीत आपले बालपण शोधायला आल्या होत्या.

आणि मग २०२२ चा फेब्रुवारी उजाडला. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. तेथे वैद्यकीय शिक्षण घेणारे हजारो भारतीय विद्यार्थी, त्यांत आपल्या महाराष्ट्राची मुलेही, कडाक्याच्या थंडीत सीमेकडे निघाले. काहींनी मैलोन्‌मैल पायपीट केली. पोलंडने भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाविना प्रवेश दिला. सीमेपलीकडे अनोळखी माणसे गरम सूप, पांघरुणे आणि निवाऱ्याची सोय घेऊन उभी होती. 'ऑपरेशन गंगा'च्या त्या काळात युक्रेनमधून सुमारे साडेबावीस हजार भारतीय मायदेशी परतले. पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया या शेजारी देशांनी त्यांना वाट करून दिली. त्या दिवसांत बालाचडीचे आणि जामसाहेबांचे स्मरण दोन्ही देशांत झाले.

सूप पुढे करणाऱ्या प्रत्येक पोलिश गृहिणीला बालाचडी ठाऊक होती, असे समजण्याचे कारण नाही. बहुतेकांना ती ठाऊक नसेलच. आणि नेमके तेच महत्त्वाचे आहे. चांगुलपणाची परतफेड सावकारी पद्धतीने, ज्याचे त्याला, व्याजासह होत नाही. ती नदीसारखी वाहते. कोठे उगम पावली आणि कोणाच्या शेताला पाणी देऊन गेली, याचा माग लागत नाही. १९४२ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोणी हात पुढे केला आणि ऐंशी वर्षांनी एखाद्या मराठी मुलीला परक्या सीमेवर कोणी आपली शाल दिली. त्या दोघांची गाठ कधीच पडणार नाही.

आपल्या दाराशी

ही कथा ऐकून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण पूर्वजांच्या पुण्याईवर आज जगता येत नाही. कोल्हापूरचे नाव वॉर्सात कोरले आहे, हे खरे; परंतु आपल्या दाराशी आज जो अनोळखी उभा आहे, त्याच्या मनात आपले नाव काय म्हणून कोरले जात आहे?

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि हजारो मजूर डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरे घेऊन मुंबई-नाशिक महामार्गावरून चालत निघाले, तेव्हा वाटेवरच्या गावांतील माणसांनी भाकरी बांधून दिल्या, पाण्याची पिंपे भरून ठेवली, अनवाणी पायांना चपला दिल्या. त्यांतल्या कोणाचे नाव कोणत्या चौकाला दिले जाणार नाही. त्याच काळात, संसर्गाच्या भयाने, आजारी शेजाऱ्यासाठी दार न उघडणारी घरेही होती. दोन्ही माणसे आपल्याच समाजातली. प्रसंग आला की आपण यांपैकी कोण असतो, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईच्या परळ भागात कर्करुग्णांचे नातेवाईक आजही पदपथावर रात्री काढतात. अशांसाठीच गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि त्या बांधणाऱ्या बाबांचे स्वतःचे घर नव्हते. ईशान्येकडून आलेला विद्यार्थी आपल्या इमारतीत खोली शोधतो, मराठवाड्यातून दुष्काळामुळे आलेले कुटुंब आपल्या रस्त्याच्या कडेला पाल ठोकते. त्यांच्याकडे आपण चौकीदाराच्या नजरेने पाहतो की यजमानाच्या? सावधपणा असावा, पण सावधपणा म्हणजे दार कायमचे लावून घेणे नव्हे.

बंधू-भगिनींनो, वळिवड्यातल्या त्या मुलांना महाराजांचे भाषण पुढे आठवले असेल किंवा नसेलही. त्यांना आठवला तो आंबा, आठवली ती नदी, आठवली ती रात्र ज्या रात्री पहिल्यांदा उशाखाली पाव न ठेवता झोप लागली. संकटात सापडलेल्या माणसाला आपण फार मोठे काही द्यावे लागते असे नाही. एक रात्र त्याला निश्चिंत झोपता येईल, एवढे केले तरी पुरे. त्या एका रात्रीच्या झोपेचे ऋण माणूस आयुष्यभर विसरत नाही आणि कोणत्या तरी दूरच्या सीमेवर, आपल्याच कोणा लेकरासाठी, ते फेडले जाते.